निग्रो लीगचे खेळाडू बेसबॉल सिममध्ये बॅलन्स कसे करायचे: आधी काय, मग काय आणि कुठे गाडी घसरते

बेसबॉल सिममध्ये (खऱ्या आकड्यांवरून सामने खेळवणाऱ्या सिम्युलेशन गेममध्ये) निग्रो लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या मेजर लीगची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती तेव्हाच्या त्यांच्या वेगळ्या लीगचे, खेळाडू टाकले की दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. एक तर निग्रो लीगचा गाजलेला कॅचर आणि पॉवर हिटर जॉश गिब्सन दरवर्षी .४३० मारतो (म्हणजे बॅटिंगच्या १,००० पाळ्यांत, ॲट-बॅटमध्ये, ४३० हिट) आणि ८० होम रन ठोकतो, नाहीतर तोच गिब्सन .२६५ वर अडकून सातव्या नंबरला बॅटिंग करतो. दोन्ही चूक, आणि दोन्हीचं मूळ एकच: लोक सगळ्यात आधी रेटिंगच्या (गेममधल्या खेळाडूच्या क्षमतेच्या) आकड्यांना हात घालतात आणि मग निकाल बघून वरखाली करत बसतात. रेटिंग हे नंतरचं काम आहे. त्याच्या आधी सहा कामं आहेत आणि ती ठरलेल्या क्रमाने करायची आहेत, कारण क्रम चुकला की एकच काटछाट दोनदा होते आणि खेळाडू मातीत जातो.

मी मुख्यतः आऊट ऑफ द पार्क (ओओटीपी) हा कॉम्प्युटर गेम डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण डायमंड माइंड किंवा स्ट्रॅट-ओ-मॅटिक या दुसऱ्या सिमसाठी स्वतःची कार्डं बनवत असाल तरी पहिले सहा टप्पे जसेच्या तसे लागू आहेत.

## टप्पा १: कुठली लीग बनवताय ते आधी ठरवा

तीन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करतात.

अ) निग्रो लीगचाच सीझन रीप्ले करायचा, म्हणजे समजा १९४३ ची निग्रो नॅशनल लीग, तेच संघ, तेच खेळाडू. इथे दर्जाची तुलना करायची गरजच नाही, सगळे एकमेकांशीच खेळणार आहेत. टप्पा ६ पूर्ण सोडून द्या.

ब) एकत्र लीग, म्हणजे १९२० किंवा १९३० पासूनच मेजर लीगमध्ये सगळ्यांना खेळू द्यायचं. सगळ्यात जास्त काम इथे आहे.

क) ऑल टाइम ड्राफ्ट, म्हणजे गिब्सन, रूथ, मेज, बॉन्ड्स असे वेगवेगळ्या काळातले दिग्गज एकाच मैदानात. इथे करिअरचे आकडे वापरायचे, एका सीझनचे कधीच नाहीत.

तुमची लीग यातली कुठली ते तुमच्या आकड्यांच्या शीटच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर ते लागतं.

## टप्पा २: आकडे गोळा करा आणि तीन ढीग वेगळे ठेवा

मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये २,३०० हून जास्त खेळाडूंचे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले. त्यामुळे आता आकडे मिळतच नाहीत ही सबब राहिलेली नाही. बेसबॉल रेफरन्स ही वेबसाइट आहे, सीमहेड्सचा निग्रो लीगचा डेटाबेस आहे. अडचण वेगळीच आहे: सीमहेड्सवर लीगचे सामने, त्याआधीच्या काळातले स्वतंत्र संघांचे सामने, क्यूबातले हिवाळी सामने असं बरंच काही आहे आणि घाईघाईत सगळ्याची बेरीज होते.

तीन ढीग करा. पहिला, अधिकृत लीग सामने. दुसरा, तगड्या संघांविरुद्धचे बाकीचे सामने (१९२० च्या आधीचे टॉपचे ब्लॅक संघ, क्यूबन लीग, मेजर लीगवाल्यांविरुद्धचे प्रदर्शनीय सामने). तिसरा, गावोगावच्या हौशी संघांविरुद्धचे सामने आणि ऐकीव गोष्टी. तिसऱ्या ढिगाचा रेटिंगमध्ये वाटा शून्य. गिब्सनच्या हॉल ऑफ फेमच्या फलकावर जवळपास ८०० होम रनचा उल्लेख आहे, पण तो लीग आणि स्वतंत्र सामने धरून. अधिकृत लीग सामन्यांतला त्याचा आकडा दोनशेच्याही खाली आहे. हे ८०० डोक्यात ठेवून पॉवरचं रेटिंग दिलं की पुढचं सगळं गणित वाया गेलं म्हणून समजा.

सावधान: फक्त पहिला ढीग घेतला तर जुन्या खेळाडूंवर मोठा अन्याय होतो. पॉप लॉइडचा जन्म १८८४ चा, स्मोकी जो विल्यम्सचा १८८६ चा. अधिकृत आकडे १९२० पासून सुरू होतात, म्हणजे या दोघांची फक्त उतारवयातली वर्षं त्यात येतात. ओओटीपीने अशा आकड्यांवरून रेटिंग काढलं की लॉइड एक बरा म्हातारा शॉर्टस्टॉप दिसतो, बस्स. १९२० च्या आधीच करिअरचा मोठा भाग झालेल्यांसाठी दुसरा ढीग घ्यावाच लागतो, रूब फॉस्टर आणि होझे मेंडेझ पण यातच आले.

## टप्पा ३: रिकाम्या जागा भरा (आणि शून्य भरू नका!)

सगळ्यात जास्त फायली इथे बिघडतात.

जुन्या वर्तमानपत्रांतल्या बॉक्स स्कोअरमधून (सामन्याच्या धावफलकातून) हे आकडे गोळा झालेत. अधिकृत रेकॉर्ड सुद्धा साधारण ७५ टक्केच पूर्ण आहे असं मानलं जातं. कित्येक बॉक्स स्कोअरमध्ये बॅटरचे स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) लिहिलेलेच नाहीत, चोरी करताना पकडले गेल्याची नोंद नाही, काही ठिकाणी वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर मिळणारा फुकट बेस) पण नाहीत. शीटमध्ये तो रकाना कोरा असतो आणि गेममध्ये इम्पोर्ट करताना कोऱ्याचा शून्य होतो. मग काय होतं? ३०० वेळा बॅटिंग करून एकदाही स्ट्राइकआऊट झाला नाही असा माणूस गेमला दिसतो, गेम त्याला स्ट्राइकआऊट टाळण्याचं सगळ्यात वरचं रेटिंग देतो आणि तुम्ही डोकं खाजवत बसता की हा कोण कुठला राखीव सेकंड बेसमन बॅटिंग टायटल कसं काय जिंकतोय.

करायचं काय:
- स्ट्राइकआऊट कोरे असतील तर त्या वर्षाच्या त्याच लीगचा जो दर उपलब्ध आहे तो भरा. लीगचाही नसेल तर त्या काळातल्या मेजर लीगचा दर चालेल.
- पॉवर हिटर असेल तर थोडा वाढवा, ठोकून सिंगल काढणारा असेल तर थोडा कमी करा. फार डोकं लावू नका.
- वॉक अर्धवट असतील तर ज्या वर्षांचे नीट मिळतात त्यावरून त्याच खेळाडूचा दर काढा आणि तो बाकी वर्षांना लावा.
- पकडले गेल्याचा आकडा नसेल तर बेस चोरीचं यश लीगच्या सरासरीवर ठेवा.

इथे थांबून तपासा: शीट स्ट्राइकआऊटच्या दरानुसार लावा. सगळ्यात वर शून्य टक्केवाले दिसले तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: लीगची सरासरी आणि मैदान

आता कुठे गणित सुरू. प्रत्येक सीझनचा आकडा त्याच वर्षाच्या, त्याच लीगच्या सरासरीशी तोलायचा. लीग .२८० मारत असताना कोणी .३५० मारले तर तो लीगच्या सव्वापट आहे. तुमची गेममधली लीग .२६० मारणारी असेल तर त्याचा आकडा झाला .३२५. होम रन, वॉक, स्ट्राइकआऊट सगळ्यांना हेच, पण प्रत्येकाचं वेगवेगळं. एकच गुणक सगळ्याला लावायचा नाही, कारण १९२० च्या दशकातली लीग आणि १९४० च्या दशकातली लीग यांची होम रनची तऱ्हा पार वेगळी आहे.

मग मैदान. सेंट लुईस स्टार्सच्या स्टार्स पार्कमध्ये लेफ्ट फील्डला ट्रॉलीची शेड आत आलेली होती आणि कुंपण फारच जवळ होतं. म्यूल सटल्स आणि विली वेल्स दोघंही राइटी (उजव्या हाताचे, जोरदार फटके लेफ्टला), दोघंही तिथे खेळले, त्यांच्या तिथल्या होम रनमधून थोडी हवा काढावीच लागते. उलट होमस्टेड ग्रेज वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये खेळायचे तेव्हा लेफ्ट फील्ड मैलभर लांब, आणि गिब्सन राइटी, त्यामुळे त्याच्या त्या वर्षांच्या पॉवरला थोडं वर उचलायला हवं.

पण पूर्ण पार्क फॅक्टर (घरच्या मैदानामुळे आकड्यांत पडणारा फरक) लावू नका. या संघांचे बरेच सामने तिसऱ्याच शहरात, भाड्याच्या मैदानावर व्हायचे, आणि ग्रेजचं तर पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन असं दोन्हीकडे घर होतं. निम्मे सामने घरच्या मैदानावर ही नेहमीची धारणा इथे चालत नाही. मी नेहमीच्या फॅक्टरचा अर्धाच परिणाम धरतो.

## टप्पा ५: छोटा सॅम्पल आवळा

२०२४ च्या अपडेटनंतर एका सीझनच्या सरासरीच्या यादीत पहिला गिब्सन आहे, १९४३ ला .४६६, दुसरा चिनो स्मिथ, १९२९ ला .४५१. हे आकडे खरे आहेत, त्यांनी ते मैदानात कमावलेत. पण लीगचा सीझन साधारण ६० सामन्यांचा, कधी कमी कधी जास्त, आणि तुम्ही त्यांना १५४ किंवा १६२ सामने खेळवणार आहात. रणजीच्या एका सीझनमध्ये कोणी १०० च्या सरासरीने रन काढले म्हणून आपण टेस्टमध्ये त्याच्याकडून १०० ची सरासरी धरत नाही, तेवढंच इथे करायचं आहे.

पद्धत सोपी आहे. खेळाडूच्या आकड्यात लीगच्या सरासरीने खेळलेल्या ३०० ॲट-बॅट मिसळा. लीग .२७० धरू.

पहिला खेळाडू: एकच सीझन, २०० ॲट-बॅट, ८० हिट, म्हणजे .४००. त्यात ३०० ॲट-बॅट आणि ८१ हिट मिसळले की १६१ भागिले ५००, म्हणजे .३२२.

दुसरा खेळाडू: पाच सीझन मिळून १,२०० ॲट-बॅट, ४२० हिट, म्हणजे .३५०. त्यात तेच मिसळले की ५०१ भागिले १,५००, म्हणजे .३३४.

बघा, कागदावर .४०० वाला पुढे होता, आता .३५० वाला पुढे गेला, आणि ते बरोबरच आहे कारण त्याने पाच वर्षं करून दाखवलंय. हा ३०० चा आकडा माझा अंदाज आहे, २०० ते ४०० मधलं काहीही चालेल, फक्त सगळ्यांना एकच लावा. स्ट्राइकआऊटचा दर लवकर स्थिर होतो, तिथे १०० पुरे. होम रनला ३०० ठीक.

गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, टर्की स्टर्न्स, जड विल्सन, बक लेनर्ड यांच्या बाबतीत घाबरायचं कारण नाही. गिब्सन करिअरला .३७२, चार्ल्सटन .३६३, विल्सन .३५०, स्टर्न्स .३४८. इतक्या वर्षांच्या आकड्यांवर ३०० ॲट-बॅटचा फार फरक पडत नाही. आवळले जातात ते दोन महिने तळपलेले लोक, आणि तेच व्हायला हवं.

मोठी चूक: हे शीटमध्ये केलं आणि मग गेममध्येही कमी ॲट-बॅटवाल्यांना कमजोर करणारी सेटिंग चालू ठेवली. दोनदा आवळलं! तुम्ही टप्पा ५ केलाय तर गेमची ती सेटिंग बंद. तसंच टप्पा ४ केलाय तर गेमचं न्यूट्रलाइझ बंद, नाहीतर सरासरीशी तुलना पण दोनदा होते. सातव्या नंबरला बॅटिंग करणारा गिब्सन बहुतेक वेळा इथेच जन्माला येतो.

## टप्पा ६: लीगचा दर्जा (फक्त ब आणि क साठी)

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, आणि सगळ्यांवर सरसकट २५-३० टक्के कापणं हा सगळ्यात आळशी आणि सगळ्यात चुकीचा उपाय आहे. पुरावा समोर आहे. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत मेजर लीगमधल्या नॅशनल लीगचा एमव्हीपी (वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) नऊ वेळा निग्रो लीगमधून आलेला खेळाडू होता: रॉबिन्सन, कॅम्पनेला तीनदा, मेज, न्यूकम, ॲरन, बँक्स दोनदा. पिचर सॅचेल पेज १९४८ ला ४२ वर्षांचा असताना क्लीव्हलंडकडून उतरला आणि सहा विजय, एक हार, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा) २.४८ करून गेला. वरची फळी कुठल्याही लीगच्या वरच्या फळीच्या तोडीची होती, याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही.

फरक खोलीत होता. संघात माणसं कमी, पैसे कमी, पिचर सुद्धा मधेच आऊटफिल्डमध्ये उभा. त्यामुळे तळाचे खेळाडू कमजोर, आणि त्यांच्याविरुद्ध खेळून स्टार्सचे आकडे थोडे फुगतात. म्हणजे कापायचं ते सरासरीच्या वरचा जो भाग आहे त्यातलं, आणि थोडंच.

टप्पा ४ मधला .३२५ वाला घ्या (सोपं पडावं म्हणून टप्पा ५ झालाय असं धरू). लीग .२६०, म्हणजे वरचा भाग .०६५. त्यातलं १५ टक्के कापलं की उरतं .०५५, आकडा झाला .३१५. मी १० ते १५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. सरासरीच्या खाली असलेल्यांना काही सूट देऊ नका, ते तसेच मेजर लीगच्या बेंचवर जातील.

वर्षानुसार फरक ठेवा. १९३७ मध्ये पेज, गिब्सन, कूल पापा बेल आणि बरेच जण डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तिथला हुकूमशहा ट्रुहियोच्या संघाकडून खेळायला गेले, १९४० च्या सुरुवातीला मेक्सिकन लीगने बरेच ओढले, मग दुसरं महायुद्ध. त्या वर्षांत जे मागे राहिले त्यांचे आकडे थोडे जास्त कापा, १५ टक्क्यांच्या बाजूला.

सावधान: गेलेल्यांची वर्षं कोरी दिसतात. गिब्सन १९४१ ला मेक्सिकोत होता, घरी बसला नव्हता. दरवर्षी खऱ्या आकड्यांवरून रेटिंग पुन्हा काढणारी लीग (रीकॅल्क) चालवत असाल तर अशा वर्षांसाठी आजूबाजूच्या दोन सीझनची सरासरी भरून ठेवा, नाहीतर ऐन भरात गेम त्याला गायब तरी करतो नाहीतर भंगारात तरी काढतो.

## टप्पा ७: आता रेटिंग भरा

बॅटिंगचं रेटिंग वरच्या आकड्यांवरून आपोआप निघतं, त्यात हाताने ढवळाढवळ नको. हाताने भरायच्या गोष्टी या:

फिल्डिंग. विश्वासार्ह आकडे जवळपास नाहीतच, म्हणून गेम सगळ्यांना मध्यम ठेवतो आणि नुसत्या फिल्डिंगवर नाव कमावलेले लोक फुकट जातात. त्या काळात सोबत खेळलेल्यांचं म्हणणं इथे वापरायला हरकत नाही, कारण दुसरं काही हातात नाही. विली वेल्सला रेंज (चेंडू गाठण्याचा आवाका) भरपूर आणि आर्म (थ्रोची ताकद) कमी द्या, तो योग्य जागी उभा राहून खेळायचा. रे डँड्रिजला थर्ड बेसला वरचं. बिझ मॅकीला कॅचिंगमध्ये वरचं, कॅम्पनेला त्याच्याच हाताखाली शिकला. सेंटर फील्डला चार्ल्सटन. पण सगळ्यांना ८० (सगळ्यात वरचं रेटिंग) वाटू नका. संघात एखाद-दुसऱ्यालाच.

पळणं. कूल पापा बेलला वेगाचं सगळ्यात वरचं रेटिंग द्या, पण बेस चोरीची क्षमता नोंदलेल्या आकड्यांवरूनच ठरवा. वेग आणि चोरी गेममध्ये वेगळे रकाने आहेत, दोन्ही टोकाला नेले की तो सीझनला २०० चोऱ्या करतो आणि मजा जाते.

पिचर. स्टफ, मूव्हमेंट, कंट्रोल ही पिचरची तिन्ही रेटिंग टप्पा ३ ते ६ मधूनच काढा. स्टॅमिना वेगळा बघा. पेजला गर्दी खेचण्यासाठी कितीतरी वेळा तीनच इनिंग टाकायला उतरवायचे, त्यामुळे नुसत्या सरासरी इनिंगवरून गेम त्याला रिलीव्हर (मधेच येणारा बदली पिचर) समजतो. त्याला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून हाताने सेट करा.

टू-वे, म्हणजे पिचिंग करून दुसऱ्या जागीही खेळणारे. बुलेट रोगन, मार्टिन डिहिगो, लिऑन डे, डबल ड्युटी रॅडक्लिफ. रेटिंग दोन्हीकडे भरा, पण गेमचा टू-वे पर्याय लावल्यावर थकवा चालू आहे ना ते बघा. थकवा बंद असेल तर रोगन वर्षाला ३० सामने पिच करून उरलेले सगळे आऊटफिल्डला खेळतो, म्हणजे एका जागेत दोन स्टार, आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स कायमचे चॅम्पियन.

## टप्पा ८: वय आणि उतार

रीकॅल्क लीगमध्ये हे फारसं सतावत नाही. पण रेटिंग एकदाच भरून पुढचं गेमच्या डेव्हलपमेंट इंजिनवर सोडत असाल तर जन्मतारखा एकेक करून तपासा. जुन्या यादीत काही तारखा चुकीच्या फिरतायत. पेज ७ जुलै १९०६. दोन-चार वर्षांचा फरक पडला तरी खेळाडू ऐन भरात उतरायला लागतो. पेजसाठी उतार मुद्दाम सौम्य ठेवावा लागतो, इंजिन कुठल्याच पिचरला ४२ व्या वर्षी चांगलं टिकू देत नाही.

## टप्पा ९: टेस्ट

आधी बॅकअप घ्या. मग एकच सीझन पुन्हा पुन्हा, निदान १० वेळा चालवा. दहा वर्षं सलग चालवू नका, त्यात वय आणि दुखापती मिसळतात आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.

बघायचं काय आणि सापडलं तर जायचं कुठे:

लीगची एकूण सरासरी आणि होम रन मूळ वर्षापेक्षा खूप वर गेले असतील तर तुम्ही फक्त स्टार्स आणलेत आणि त्यांच्यासोबत पिचर आणले नाहीत. १६ संघांत ६० हिटर घुसवून १० पिचर दिले तर हेच होणार. प्रमाण सुधारा, रेटिंगला हात लावू नका. आणि लीगचे एकूण आकडे गेमने आपोआप जुळवायची सेटिंग चालू असेल तर ती टेस्टपुरती बंद करा, कारण ती ही चूक झाकते आणि बाकी सगळ्यांना खाली ढकलते.

पहिल्या दहा बॅटरमध्ये आठ-नऊ निग्रो लीगचे आणि त्यातले तीन-चार तुम्हालाही अनोळखी: टप्पा ३ किंवा ५ राहिलाय. आधी स्ट्राइकआऊटचा रकाना बघा.

पहिल्या वीसमध्ये एकही नाही: दोनदा कापलंय. टप्पा ५ च्या खालची चूक पुन्हा वाचा आणि गेमच्या सेटिंग एकेक करून बंद करत जा. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा दहा सिम.

गिब्सन दहापैकी तीन-चार सिममध्ये बॅटिंग टायटल जिंकतो, बहुतेक वेळा होम रनमध्ये पहिल्या पाचात असतो आणि एखाद्या वर्षी .३०० च्या आसपास रेंगाळतो, असं दिसलं तर बॅटिंग बरोबर जमलंय. मग त्याला कॅचर म्हणून किती सामने मिळतायत ते बघा, कारण १५० च्या वर असतील तर कॅचरचा थकवा बंद राहिलाय आणि तो चालू करून दहा सिम पुन्हा चालवावे लागतील.